कासरा दिला, हाक ठेवली

राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, ऐका, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही.

एका राज्यात निंबोजी नावाचा गाडे घडवणारा होता, आणि तो बैलही पाळायचा. घरोघरी त्याचेच गाडे. पण राजाच्या शर्यतीत रथ धावायचा म्हाळोजी नावाच्या सारथ्याचा, निंबोजीने द्यायची ती फक्त बैलजोडी. वेग आपल्या बैलांचा आणि जयजयकार म्हाळोजीचा, हे त्याला फार लागायचं.

तिथली एक रीत होती. बैल देताना कासऱ्याबरोबर हाकही द्यायची. ज्या हाकेला बैल धावत येतात ती नव्या धन्याला शिकवायची, आणि आपण ती पुन्हा तोंडातून काढायची नाही.

एका वर्षी नवी जोडी देताना निंबोजीने कासरा दिला आणि हाक गिळून टाकली. म्हाळोजी सरळ माणूस, त्याने विचारलंही नाही.

“अहो, हाक देऊन टाका,” निंबोजीची बायको म्हणाली. “कासरा एकाकडे आणि हाक दुसऱ्याकडे, हे बरं नव्हे.”

“तीही दिली, तर माझं म्हणून काय उरलं?” निंबोजी फणकारला.

शर्यतीच्या दिवशी म्हाळोजीचा रथ सगळ्यांच्या पुढे होता. “म्हाळोजी! म्हाळोजी!” लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. निंबोजीचं नाव कुणाच्याही तोंडी नव्हतं. त्याला राहवेना. बैल निदान आपल्याकडे मान तरी वळवतील, लोक तरी बघतील, एवढंच त्याच्या मनात आलं.

“हो ऽऽ राज्या, हो!”

बैलांनी नुसती मान नाही वळवली. भर वेगात ते तसेच त्याच्याकडे वळले. रथ उलटला. म्हाळोजी चाकाखाली गेला.

हे आपण केलं? एका हाकेने? निंबोजीला खरंच वाटेना. आणि बैल, मोडकी दांडी ओढत येऊन, मायेने त्याचा हात चाटत होते. तो हात मागे घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

म्हाळोजी जगला, पण पाय गेला. निंबोजी त्याला भेटायला आला. म्हाळोजीच म्हणाला, “बैल तुमचेच होते, निंबोजी. आता साऱ्या राज्याला कळलं.”

त्यानंतर निंबोजीच्या बैलांना कुणी आपल्या रथाला जुंपलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला दिलेल्या वस्तूवरचा हक्क जो सोडत नाही, त्याचं देणं घेणाऱ्याच्या जिवावर उठतं.