तानूबाईची तपकीर

भुलनगरीच्या मंत्रशाळेत फी म्हणून आठवणी घेत. तपकीर ओढून शिंकलं, की आठवण टुणकन बरणीत! तानूबाई कासारीण लेकीचं नाव घालायला गेली, तर लांब दाढीचे आणि आखूड मनाचे मोठे गुरुजी म्हणाले, "या पोरीच्या जन्मापासूनच्या सगळ्या आठवणी द्या."

तानूबाईनं लेकीकडे पाहिलं. मग तिनं तपकीर ओढली.

"घ्या गुरुजी. पण शिंकले की ही पोर कोणाची, हे मला ठाऊक नसणार. मी आपली एकटीच घरी जाईन. मग हिचं जेवण, वेण्या, रुसणं तुमच्याकडे. आणि पुढल्या वर्षीची फी मागाल कोणाकडे? आ... आ..."

गुरुजींनी झडप घालून तिचं नाक चिमटीत धरलं. "फुकट शिकवतो, माउली, पण शिंकू नका!"