पहिल्या साच्याचा वाकडेपणा

खूप दिवसांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, दातांच्या दवाखान्यात एक खोकं उघडलं आणि वाद सुरू झाला. आत हेमांगीचे दात सरळ करायला कॉम्प्युटरवर आखलेले चौदा पारदर्शक साचे होते; दातांवर एकामागून एक घालायचे, प्रत्येक आधीच्याहून जरासा सरळ.

चौदावा पहिल्याला म्हणाला, "तू तिच्या दातांइतकाच वाकडा. तू काय सरळ करणार, कपाळ? हो बाजूला."

पहिला ओशाळला. आता आपण कचऱ्यातच जाणार, असं त्याला वाटलं.

हेमांगीलाही चौदावाच देखणा वाटला. तिनं तो दाबून बसवला, तसा तिचा सुळा कळवळला, "काढ गं बाई, जीव चालला माझा."

मग तिनं पहिला घातला. तो अलगद बसला.

पंधरा दिवसांत सुळा केसभर सरकला. उतरताना पहिला दुसऱ्याला म्हणाला, "दाताहून केसभरच सरळ असावं, म्हणजे तो आपलं ऐकतो. एवढं चौदाव्यापर्यंत पोचव, दादा."