गोठ्यात बसलेले गुरुजी

एकदा एका नदीकाठच्या नगरपालिकेत आपत्ती व्यवस्थापनाचा तरुण अधिकारी नेमला गेला. त्याला शिकवायला होते त्याच कामातून निवृत्त झालेले एक वृद्ध. पुरातून माणसं काढण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणे.

उन्हाळ्याच्या अखेरीस पुराची रंगीत तालीम ठरली. तरुणाची नोकरी कायम व्हायची की नाही, हे तिच्यावरच अवलंबून होतं. भोंगा वाजताच गवळी आळीतली माणसं हसतखेळत शाळेकडे निघाली. तिथे चहापोहे होते ना! तालीम बघायला आलेले नगरपालिकेचे मुख्याधिकारी प्रसन्न झाले. एवढ्यात कोणीतरी सांगत आलं, की गुरुजी एका गोठ्यात म्हशीजवळ बसलेत आणि उठायचं नाव घेत नाहीत.

तरुण धावला. "गुरुजी, चला लवकर. साहेब थांबलेत."

"म्हैस सोडून मी येणार नाही."

"अहो, म्हैस बोटीत मावेल का?"

"मग तू जा."

तरुणाने विनवलं, हात जोडले, शेवटी त्याचा तोल सुटला. "तुम्हीच शिकवायचं आणि तुम्हीच घात करायचा? साऱ्या गावासमोर माझं हसं केलंत!"

गुरुजी म्हशीला वैरण घालत राहिले. मुख्याधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ते गाडीत बसून निघून गेले. तरुण मटकन खाली बसला. नोकरीही नको आणि हे गुरुजीही नकोत, असं त्याला झालं.

आता गुरुजी उठले. "बाळ, आज सगळे आले, कारण नदी आटलेली आहे आणि पोहे गरम आहेत. खऱ्या पुरात या आळीतलं प्रत्येक घर माझ्यासारखं अडून बसेल. तुझी बोट दारातून रिकामी परत जाईल आणि पाणी चढत राहील. दोर, बोट, भोंगा, सगळं आहे तुझ्याकडे. म्हशीचं काय, याला मात्र उत्तर नाही."

"हे काल सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं?" तरुण चिडून म्हणाला.

"सांगितलं होतं. तू लिहून घेतलंस."

तरुण उठला आणि शाळेतून परतणाऱ्या एका गवळ्यापाशी गेला. "मामा, पाणी चढलं तर जनावरं कुठं न्यायची?"

"टेकडीवरच्या गायरानात, साहेब. पण तिथं आडोसा नाही, वैरण भिजून जाते. तेवढी सोय करा, मग तुमच्या भोंग्याचीसुद्धा वाट बघायचो नाही आम्ही."