भावाचं नाव न घेता

एकदा एका वृद्ध तंबोरा-कारागिराकडे दोन भाऊ आपापलं जिणं अदलाबदल करायची परवानगी मागायला आले. हसू नका. हा सौदा आपण मनातल्या मनात रोज करतो, फक्त तोंडाने कबूल करत नाही.

धाकटा दस्तगीर त्या वृद्धाचाच, म्हणजे चाचांचा शिष्य, गावात राहिलेला. थोरला इलाही दूर शहरात फर्निचरच्या कारखान्यात कामाला, ईदसाठी घरी आलेला. त्याच्या तोंडून शहराच्या गोष्टी ऐकल्या आणि दस्तगीरचं हातातल्या कामावरून चित्त उडालं. इकडे धाकट्याला आईच्या हातची गरम भाकरी खाऊन कामाला निघताना पाहून थोरल्याला त्याचा हेवा वाटला. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! दोघांनी ठरवून टाकलं, की दस्तगीरने कारखान्यात जायचं आणि इलाहीने चाचांच्या हाताखाली बसायचं. कारखान्याच्या मुकादमाला सकाळपर्यंत कळवायचं होतं आणि एकदा सोडलेली जागा पुन्हा मिळणार नव्हती.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. भिंतीशी दोन तयार तंबोरे उभे होते. एक मोठ्या भोपळ्याचा, पुरुषाच्या खालच्या आवाजासाठी घडवलेला. दुसरा लहान, स्त्रीच्या उंच गळ्यासाठी. दोन्ही एकाच सुरात लाव, असं त्यांनी शिष्याला सांगितलं.

दस्तगीर चमकला. असलं काम चाचांकडे आजवर कुणी केलं नव्हतं. पण चाचांचा शब्द मोडायचा कसा? त्याने मोठ्या तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत पिळत त्याला लहानाच्या सुरापर्यंत चढवलं, तोच तार तटकन तुटली. मग लहानाला मोठ्याच्या सुरापर्यंत उतरवलं. त्याच्या तारा इतक्या सैल पडल्या की तो नुसता भणभणू लागला. स्वतःच्या हातांनी घडवलेल्या वाद्यांची ही दशा बघून दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी आलं.

इलाहीला राहवलं नाही. वाद्यात काही खोट नव्हती, एकाला दुसऱ्याचा सूर लावल्यामुळे हे झालं, असं तो म्हणाला.

"मग तुम्ही दोघं वेगळं काय करताय?" चाचा म्हणाले. "तू स्वतःला याच्या घराशी लावून बघतोस, हा तुझ्या शहराशी. आता एवढंच सांगा, आपापल्या कामात तुम्हाला काय आवडतं? अट एकच. भावाचं नाव काढायचं नाही."

सोपं वाटलं दोघांना. पण दस्तगीरने सुरुवात केली तीच 'भाईएवढा पगार नसला तरी' अशी. चाचांनी हात वर केला. इलाही 'हा निदान घरात तरी' इथेच अडखळला. पुन्हा हात वर.

अखेर दस्तगीर म्हणाला, "गाणारी बाई नवा तंबोरा जवळ घेते, पहिल्यांदा छेडते आणि तिचे डोळे आपोआप मिटतात. तेव्हा मला कुणाचाच हेवा वाटत नाही."

इलाही खाली बघत होता. "आमच्याकडे चार मुलखांतून पोरं येतात," तो म्हणाला. "रंधा कसा धरायचा, ते त्यांना मी शिकवतो. मास्तर म्हणतात मला." शेवटचे शब्द बोलताना त्याची मान ताठ झाली होती.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," दस्तगीर म्हणाला.

"तू पगारच विचारलास."

चाचा मंद हसले. "जो राहिला त्याने राहावंच असं नाही, आणि गेलेल्याने परतावं असंही नाही. पण निर्णय स्वतःच्या सुरात घ्यावा."

सकाळी मुकादमाला निरोप गेला, की मास्तर सुट्टी संपली की कामावर हजर होत आहेत. दस्तगीरने मोठ्या तंबोऱ्याला नवी तार चढवली आणि दोन्ही वाद्यं आपापल्या सुरात लावून ठेवली.

आपल्या कामाबद्दल एक चांगलं वाक्य कुणाचंही नाव न घेता बोलून पाहावं; जमलं तर समाधान हाताशीच आहे, आणि नाहीच जमलं, तर खुशाल गाठोडं बांधावं.