तळहातावरचा उजेड

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे एक मळका फोटो घेऊन गेला. मळका म्हणजे डाग पडलेला नव्हे. फोटोत समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या होत्या, त्यांवर गवताची चार-दोन पाती होती, वर आकाश होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त जी वाळू डोळ्यांना दुधासारखी पांढरी दिसते, ती फोटोत चुलीतल्या राखेसारखी आली होती.

शिष्याचं नाव दिगंबर. वय तिशीच्या थोडं पुढे. गुरूंना सगळा गाव तात्या म्हणत असे. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा जुना फोटो स्टुडिओ होता. तात्या फार कमी बोलत. जन्मभर माणसांना ‘हलू नका’ एवढंच सांगून त्यांचे बाकीचे शब्द गंजले, असं गावात थट्टेनं म्हणत. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्टुडिओच्या मागच्या खोलीत ते एकटेच स्वयंपाक करत आणि एकटेच जेवत.

तात्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला.

“किती दिवस काढतोयस?”

“वर्ष होईल. सकाळी काढला, संध्याकाळी काढला. छापताना उजळ करून बघितला, तर गवत धुरकट होतं. दर वेळी उजेड मोजायचं मीटर वाळूसमोर धरतो, काटा दाखवील तेवढंच भिंग उघडतो. चुकतंय कुठे, तेच कळत नाही.”

“शालन काय म्हणते?”

शालन ही दिगंबरची बायको. पाच महिन्यांपूर्वी ती माहेरी गेली होती आणि परत आली नव्हती. तात्यांना ते ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी विचारलं होतं.

“ती कुठे आहे इथे,” दिगंबर म्हणाला. “सोमवारी तिचा भाऊ यायचा आहे, तिची पेटी न्यायला. लग्नातली पेटी. ती गेली की विषय संपला.”

“तू काय कळवलंस?”

“न्या म्हटलं.” मग तो म्हणाला, “तिचा चेहराच तसा आहे, तात्या. कधी बघावं तेव्हा विझलेला. मी तिला मारलं नाही, टाकून बोललो नाही. आता एखाद्याला प्रसन्न राहायचंच नसेल, तर मी काय करणार?”

फोटो परत देताना तात्या एवढंच म्हणाले, “शनिवारी पुळणीवर ये. बाराला.”

“भर बाराला? उन्हात काही दिसायचं नाही. सावल्याच नसतात.”

“ये.”

गावापासून दूर, समुद्राच्या कडेनं पसरलेल्या त्या पांढऱ्या वाळूच्या पट्ट्याला लोक पुळण म्हणत. लांबून पाहिलं तर मिठाचे ढीग घालून ठेवल्यासारखं वाटे. तिकडे गुरं जात नसत, माणसंही क्वचितच. पुळणीच्या अलीकडच्या टोकाला एकच घर होतं आणि ते दिगंबरचं होतं. फोटोंच्या नादानं त्यानं दोन वर्षांपूर्वी गावातलं बिऱ्हाड हलवून तिथे नेलं होतं. शेजार नव्हता. वारा होता.

शनिवारी दोघं टेकडीवर उभे राहिले तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. वाळू अशी झळकत होती की डोळे उघडे ठेवणं कठीण. उतारावर गवताचा एकच ठोंब उभा होता. त्याचं एक लांब पातं वाऱ्यानं वाकून वाळूला टेकलं होतं. वारा वळला की पातंही वळे, आणि त्याचं टोक वाळूवर रेघ ओढी. तशी रेघ ओढून ओढून त्यानं स्वतःभोवती एक पुरा गोल काढला होता. त्या गोलात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

“हेच काढायचंय मला,” दिगंबर म्हणाला.

तात्यांनी मीटर घेतलं. आणि एक चमत्कारिक गोष्ट केली. ते वाळूकडे पाठ करून उभे राहिले. वाळूकडे, गवताकडे, समुद्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. उजवा हात पुढे केला आणि तळवा उन्हात उघडा धरला.

दिगंबरनं सवयीनं भिंगाचं झाकण काढून त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

तात्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग ते हसले. त्यांना हसताना पाहणं गावात दुर्मीळ होतं.

“दिगू, किती वर्षं झाली तुला माझ्याकडे?”

“चार.”

“चार वर्षं मी उन्हात हात धरतोय आणि तू त्यावर झाकण ठेवतोयस. मी ते खिशात टाकतो आणि पुन्हा हात धरतो. तुला वाटलं, म्हातारा झाकण मागतोय.”

“मग काय मागत होतात?”

“काही नाही. उजेड मोजत होतो.” त्यांनी झाकण खिशात टाकलं, तळवा पुन्हा उन्हात धरला आणि मीटर त्याच्याजवळ नेलं. काटा हलला आणि स्थिर झाला. “आता वाळूवर धर. बघ, किती फरक आहे.”

फरक बराच होता. दिगंबर खजील झाला. “सांगितलं का नाहीत?”

“तू विचारशील म्हणून वाट बघत होतो. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. चार वर्षं गेली. यात माझीही चूक आहेच.” ते हळूच वाळूत बसले. गुडघे दुखत असावेत. “बस. या यंत्राला जग ठाऊक नाही. बऱ्याच वस्तू मधल्या रंगाच्या असतात, ना काळ्या ना पांढऱ्या, तेवढंच त्याला शिकवलेलं आहे. त्याच्यासमोर इतकं पांढरं आणलं की त्याला ते खरं वाटत नाही. एवढं असणारच नाही, असं ते धरून चालतं आणि दाबून दाबून त्याची राख करतं. म्हणून वाळूचं माप वाळूवरून घेऊ नये. वाळू ज्या उन्हात पडली आहे, त्याच उन्हात आपला हात धरावा आणि हातावरचं माप घ्यावं. भिंग त्याहून एक घर, म्हणजे कड्यावरचा एक आकडा, जास्त उघडावं. मग वाळू जशी आहे तशी येते.”

बोलणं तिथेच संपेल असं दिगंबरला वाटलं होतं. पण तात्या तळव्याला चिकटलेले वाळूचे कण झटकत राहिले आणि म्हणाले, “माणसाचंही आपण त्याच्या चेहऱ्यावरून माप घेतो. तो कुठल्या उन्हात उभा आहे, तिथे हात नेत नाही. मी नेला नाही. मला कळलं तोवर घरात दुसरं माणूस उरलं नव्हतं.”

एवढं सांगून ते उठले आणि वाळूत पाय ओढत गावाकडे निघाले. झाकण त्यांच्या खिशातच राहिलं.

दिगंबर तिथेच उभा राहिला. त्याला एक दुपार आठवली. शालन दारात उभी राहून म्हणाली होती, “अहो, डोळे दुखतात माझे. सगळं पांढरं पांढरं आहे. बघवत नाही.” त्यावर तो आत गेला होता, फोटो आणून त्यानं तिच्यापुढे धरला होता आणि म्हणाला होता, “पांढरं कुठे आहे? हे बघ. करडी तर आहे वाळू.” ती फोटोकडे पाहत राहिली होती. मग तिनं दार लावून घेतलं होतं. त्यानंतर ती डोळ्यांबद्दल कधी बोलली नाही.

रविवारी दिगंबरनं कॅमेरा खुंटीवरून काढला नाही. ती जिथे बसायची, तिथे, उंबऱ्यावर, तो सकाळपासून बसला. या घरात तो पाच महिने एकटा राहत होता खरा, पण दिवस बाहेर काढून अंधारात झोपायला यायचा. दिवसाचं हे घर त्यानं पाहिलंच नव्हतं. नऊ वाजता उंबऱ्याच्या आत वाळूची एक बारीक जीभ आली. त्यानं ती झाडून काढली. थोड्या वेळानं ती पुन्हा आली. भातात वाळू लागली, पाण्याच्या तांब्यात वाळू लागली. दुपारी समोरची पुळण इतकी झळाळली की त्याला दार लावून घ्यावं लागलं, आणि दार लावल्यावर घरात वाऱ्याखेरीज कोणाचा आवाज नव्हता. तीनच्या सुमारास आपण सकाळपासून एक शब्दही बोललो नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. बोलून पाहावं म्हणून त्यानं तिचं नाव घेतलं. घरात ते नाव कसंतरीच वाटलं.

भिंतीच्या कडेला तिची पेटी होती. तिच्यावर वाळूचा थर बसला होता. त्यानं तो धोतराच्या फडक्यानं पुसला.

सोमवारी भाऊ निघायच्या आधीच तो पहिल्या एसटीनं शालनच्या माहेरी पोहोचला. सोबत कॅमेरा नव्हता, पेटी नव्हती. ती मागच्या अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहिलं.

“पेटी कुठे आहे?”

“आणली नाही.”

“दादा निघतोच आहे न्यायला.”

“त्याला न्यायची असेल तर नेऊ दे. मी दुसरंच सांगायला आलो.” तो अंगणाच्या पायरीवर बसला. पुढचं वाक्य त्यानं एसटीत कितीदा तरी जुळवलं होतं. आता त्यातलं काही सापडेना. “काल दिवसभर तुझ्या उंबऱ्यावर बसलो. खूप पांढरं आहे तिथे. डोळे दुखतात.”

शालनचे हात सुपात थांबले.

“वाळू तीनदा काढावी लागली,” तो म्हणाला.

आडावर कोणीतरी पाणी ओढत होतं, तो रहाटाचा आवाज ऐकू येत राहिला.

“पाचदा काढावी लागते,” ती खाली बघतच म्हणाली. “दार लावून बसलात ना दुपारी? तेव्हाची दोनदा तुमची राहिली.”

शालन त्या दिवशी त्याच्याबरोबर आली नाही. पण तिच्या भावानं पायांत घातलेल्या चपला काढून ठेवल्या, आणि पेटी जिथे होती तिथेच राहिली.

आपल्यालाही कोणाचा चेहरा विझलेला वाटला, तर त्याच्याबद्दल काही ठरवण्याआधी त्याच्या उन्हात आपला तळवा क्षणभर धरून पाहावा.