घेता न येणारी तेलीण

जुन्या काळची गोष्ट. जिथं नारळीच्या बागा संपून खाडीचं पाणी सुरू होतं, अशा एका गावात एक तेलीण राहत होती. तिचं नाव रेबाबाई. ती इस्रायली समाजातली. तिचे पूर्वज कधीकाळी समुद्रावरून या किनाऱ्याला लागले, इथलीच भाषा बोलू लागले, इथल्याच खोबऱ्याचं तेल गाळू लागले. शनिवारी मात्र ते घाण्याचा बैल सोडून देत आणि देवाचं नाव घेत बसत, म्हणून आजूबाजूचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

रेबाबाईचा नवरा वारला होता, पण घाणा तिनं थांबू दिला नाही. हाताची ती फार सढळ. कुणाकडे बाळंतपण असो, कुणाचं छप्पर वाऱ्यानं उडालेलं असो, रेबाबाईचं तेल आणि तांदूळ तिथं सगळ्यांच्या आधी पोचायचे. प्रार्थनाघरातला दिवा तिच्याच तेलावर जळायचा. गाव तिला मानायचं.

एक गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात आली नव्हती. रेबाबाई कुणाचं काही घेत नसे. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली, तर ती वाटी त्याच संध्याकाळी काठोकाठ तेल भरून परत जायची. कुणी केळी आणली, तर "अगो, मला कशाला? तुझ्या पोरांना दे," असं म्हणून ती त्याच पावली माघारी पाठवायची.

आणि एवढं सगळं असून, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावून डोळ्यांवर हात धरला, की तिला आत काहीच जाणवत नसे. लहानपणी त्याच क्षणी वाटायचं, कुणीतरी मायेचं माणूस हळूच खोलीत येऊन उभं राहिलंय. आता नुसता वातीचा वास यायचा. आपलं काहीतरी हरवलंय एवढं तिला कळायचं, पण काय ते कळत नव्हतं.

अशात खाडीपलीकडच्या वाडीत एक म्हातारा येऊन राहिला. त्याचं नाव मर्दखय. तो परमुलखातून गलबतानं आला होता आणि किनाऱ्यावरच्या गावांतून फिरता फिरता इथली भाषा शिकला होता. विद्वानाला इस्रायली लोक हाखाम म्हणत. या हाखामाला कब्बाला येते, अशी बातमी गावात पसरली. कब्बाला म्हणजे देव आणि माणूस यांच्यामध्ये जे पडदे आहेत, त्यांची विद्या. कुणी म्हणे, त्या विद्येनं भविष्य दिसतं. कुणी म्हणे, लाल दोरा बांधून तो दृष्ट काढतो.

रेबाबाईनं तेलाचा बुधला उचलला आणि पोशा नाखव्याच्या होडीत बसून ती पलीकडे गेली.

हाखाम झावळ्यांच्या खोपटासमोर उन्हात बसला होता. रेबाबाईनं बुधला त्याच्यापुढं ठेवला आणि वाटभर मनात घोळवलेले प्रश्न एकदम विचारायला सुरुवात केली.

"बाबा, बाईमाणसाला ही विद्या शिकता येते का?"

"तहान लागायला पुरुष असावं लागतं का?" हाखाम म्हणाला.

"पण म्हणतात, फार वय व्हावं लागतं."

"मन भरून संसार केला असला म्हणजे झालं. तो तुम्ही केलेला दिसतो."

"घरदार सोडावं लागतं?"

"सोडून ठेवाल कुठं? शिकायचं तिथंच आहे."

"आणि भविष्य कळतं?"

हाखाम हसला. "बाई, आज माझ्या चुलीवर काय शिजणार आहे, हेही मला ठाऊक नाही."

"मग या विद्येत आहे तरी काय?"

हाखाम म्हणाला, "आमच्या भाषेत कब्बाला या शब्दाचा अर्थच आहे, घेणं. वरून प्रकाश सारखा येत असतो. तो कसा घ्यायचा, एवढं शिकायचं."

"घेणं?" रेबाबाईला हसू आलं. "ते काय शिकायचं? ते तर तान्ह्या पोरालाही येतं."

"त्याला येतं," हाखाम म्हणाला. "तुम्ही करून बघा. गावात कुणीही काही दिलं तर घ्या. फेडू नका. मग या, आपण अक्षरं काढायला बसू."

एवढंच? रेबाबाई खुशीत परतली. दुसऱ्याच दिवशी एका कोळणीनं तिला ताजी बोय दिली. "घ्या बाय, आज जाळं भरून आलं." रेबाबाईनं मासळी घेतली, कालवण केलं, जेवली. पण दुपारपासून तिच्या जिवाला चैन पडेना. घशात काटा अडकावा तसं वाटत राहिलं. दिवेलागणीला तिनं कोळणीकडे तेल पाठवून दिलं, तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

"बाई, मासळी तुम्ही घेतली नाहीत," तिनं पलीकडे जाऊन हे सांगितलं तेव्हा हाखाम म्हणाला. "विकत आणलीत."

मग शेजारणीनं ओंजळभर अबोली दिली. फुलं घेताना रेबाबाईचे हात आखडले. तिनं ती केसांत माळली खरी, पण अबोली सुकायच्या आत शेजारणीच्या लेकीला नवं परकर-पोलकं पोचलं होतं.

पुन्हा ती पलीकडे गेली, तेव्हा थंडीचे दिवस होते आणि खाडीवर दाट धुकं उतरलं होतं. विद्या मिळवायची तर पोट रिकामं ठेवावं, असं कुणीतरी सांगितल्यावरून ती आदल्या दिवसापासून उपाशी होती.

हाखामानं सगळं ऐकून नुसती मान हलवली. रेबाबाईला राग आला.

"मी कुणाचं घेत नाही, हा काय गुन्हा झाला? सगळा जन्म दिलंच मी लोकांना!"

"गुन्हा नाही," हाखाम हळूच म्हणाला. "पण वरून येतं तेही तुम्ही असंच दारातून परत पाठवत असाल, तर मी काय शिकवू?"

रेबाबाई उठली आणि धक्क्याकडे चालू लागली.

होडीत एकच बाई बसलेली होती. जवळ जाऊन बघते तर दीनाबाई, तिची धाकटी जाऊ. दीनाही विधवा होती. रेबाबाईच्या परसापलीकडेच तिचं खोपट होतं आणि दर महिन्याचं तिचं तेल-तांदूळ रेबाबाईकडून जायचं. तिला बघताच दीनानं पायाशी ठेवलेलं गाठोडं पदराआड सारलं.

"तू इकडे कशी?" रेबाबाईनं विचारलं.

"अशीच, जाऊबाई."

पोशा नाखव्यानं होडी लोटली. मागचा धक्का दिसेनासा झाला, पुढचं गाव दिसत नव्हतं. वर, खाली, चहूकडे दुधासारखं पांढरं. पाण्याचा आवाजही कुठून येतो ते कळत नव्हतं. होडी चालली आहे की धुकंच सरकतंय, तेही सांगता आलं नसतं. आणि मग खालून एक मऊ धक्का बसला.

पोशानं बांबू टोचून पाहिला. "रुतली, बाय. ओहोटी लवकर लागली. आता भरती येईपर्यंत बसा."

"उतरून ढकल की!"

"गाळात माणूस कमरेपर्यंत जातो. पाणी आपणच येऊन उचलेल. मी जरा पडतो." आणि पोशा टोकाला जाऊन घोंगडी ओढून झोपला.

दोघी जावा समोरासमोर बसून राहिल्या. गारठ्यानं रेबाबाईचे दात वाजू लागले. पोटात आग पडली होती, डोळ्यांपुढं ठिपके नाचत होते. दीनानं ते पाहिलं. तिनं मुकाट्यानं गाठोडं सोडलं. आत काथ्याच्या दोऱ्या होत्या, नीट वळलेल्या, आणि फडक्यात गुंडाळलेली तांदळाची एक भाकरी.

"या दोऱ्या कुणाच्या?"

"माझ्या. पलीकडच्या बाजारात विकते. या आज खपल्या नाहीत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

दीनानं मान खाली घातली. मग एकाएकी वर केली. "सांगितलं असतं तर काय झालं असतं, जाऊबाई? तुम्ही सगळ्या दोऱ्या स्वतःच विकत घेतल्या असत्या आणि कोनाड्यात टाकून दिल्या असत्या."

आणि खरंच, रेबाबाईनं अगदी तसंच केलं असतं.

दीनानं भाकरी मोडली. त्यावर लसणीची चटणी होती. अर्धी तिनं पुढं केली.

"नको गो. तुला एकच आहे," रेबाबाई म्हणाली.

"घ्या."

"मला भूकच नाही."

दीनाचा हात तसाच राहिला, पण तिचे डोळे भरून आले. "मी लग्न होऊन आले तेव्हा आईनं तुमच्यासाठी करंज्या दिल्या होत्या. तुम्ही त्या तिथल्या तिथं वऱ्हाडाला वाटून टाकल्यात, एकही तोंडात घातली नाहीत. तेव्हापासून बघतेय. तुमच्या तेलानं माझा दिवा जळतो, तुमच्या तांदळानं माझी चूल. मी विसरलेली नाही. पण तुमच्या दारात मी कधी ताठ उभी राहिलेय का? तुम्ही मला राहूच दिलं नाहीत. एकदा तरी माझं काही घेतलं असतंत!"

धुक्यात कुठंतरी एक पक्षी ओरडला आणि गप्प झाला.

रेबाबाईला करंज्या आठवतही नव्हत्या. ती दीनाच्या हाताकडे बघत राहिली. दोऱ्या वळून वळून बोटांना घट्टे पडले होते. सवयीनं तिच्या मनात आलंच की घरी गेल्या गेल्या हिला पोतंभर तांदूळ पाठवावेत. मग तिनं दीनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की ते पोतं त्या चेहऱ्यावर थोबाडीत बसल्यासारखं बसेल.

तिनं दोन्ही हात पुढं केले. अर्धी भाकरी घेतली आणि खाल्ली. चटणी तिखट होती. डोळ्यांतून पाणी आलं ते चटणीनं, की आणखी कशानं, ते तिलाही कळलं नाही. दीनानं आपली जाड चादर दोघींभोवती लपेटली. इतक्या वर्षांत दोघी अशा चिकटून कधी बसल्या नव्हत्या.

रेबाबाईचा डोळा लागला. तिला दिसलं, की आपण एका मोठ्या खोलीत बसलोय. छपरातून, भिंतींतून, जमिनीतून कोवळा उजेड झिरपतोय आणि तिच्या ओच्यात साठतोय, पाखडलेल्या तांदळासारखा हलका. ती धडपडून उठू बघते, काहीतरी आणून द्यावं म्हणून. पण तिथं दार नाही, कोठी नाही, घाणा नाही. उजेड मात्र येतच राहिला. शेवटी ती नुसती बसून राहिली आणि तिला फार हलकं वाटलं.

जाग आली तेव्हा होडी हलत होती. खालून पाणी भरलं होतं. धुकं विरलं होतं आणि गावच्या नारळी दिसू लागल्या होत्या.

पण खरी कसोटी पुढं होती. दुसऱ्या सकाळी रेबाबाईनं सवयीनं तांदळाचं पोतं भरलं, तोंड शिवलं आणि दारापर्यंत ओढत नेलं. उंबऱ्याशी ती थांबली. महिन्याचा शिधा कधीच देऊन झाला होता. हे पोतं त्या भाकरीची फेड होतं. घशातला तो जुना काटा टोचत होता. ती बराच वेळ पोत्यावर बसून राहिली. मग उठली आणि पोतं माघारी कोठीत नेऊन ओतलं.

दोन-चार दिवसांनी दीना आली. नेहमी परसातून येणारी दीना त्या दिवशी पुढच्या ओटीवरून आली. हातात नवी दोरी होती.

"जाऊबाई, तुमच्या विहिरीची दोरी किती झिजलीय! लक्ष कुठं असतं तुमचं? ही घ्या."

"किती झाले गो हिचे..." हे शब्द रेबाबाईच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले. "बरं झालं आणलीस," ती म्हणाली.

दीना हसली आणि न सांगता तिच्या शेजारी ऐसपैस बसली. दोघी दुपार टळेपर्यंत बोलत राहिल्या.

त्या शुक्रवारी रेबाबाईनं दिवा लावला, डोळ्यांवर हात धरला आणि नेहमीसारखी प्रार्थना पुटपुटायला गेली. पण तिनं काहीच म्हटलं नाही. ती नुसती थांबली. आणि खोलीत कुणीतरी आलं. हळूच, मायेनं, अगदी लहानपणी यायचं तसं. ते कुठं गेलंच नव्हतं. दाराशीच होतं.

रविवारी ती हाखामाकडे गेली. या वेळी तिच्यासोबत दीनाही होती.

"काय घेतलंत?" हाखामानं विचारलं.

"अर्धी भाकरी. आणि एक दोरी."

"काय दिलंत?"

"काही नाही, बाबा," रेबाबाई म्हणाली आणि पोरीसारखी हसली.

हाखामानं दोघींना सावलीत बसवलं आणि वाळूवर बोटानं पहिलं अक्षर काढलं.

"हे आलेफ. आमच्या भाषेतल्या अक्षरांत पहिलं. पण याला स्वतःचा आवाज नाही. जो स्वर याला मिळेल, तो हे घेतं आणि मग बोलतं."

दोघी जावा त्या अक्षरावर वाकल्या आणि आपापल्या बोटानं ते वाळूत गिरवू लागल्या.

या गोष्टीचं तात्पर्य, ज्याला घ्यावंसं वाटेल त्यानं घ्यावं: जो माणसाच्या हातून प्रेमानं घेऊ शकत नाही, त्याच्या ओंजळीत देवालाही काही घालता येत नाही.