पेटीतली गर्दी

शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला. शब्दही साधेच आहेत.

देवळात मोबाईलला बंदी, म्हणून गेनू बाहेरच्या टपरीत भाविकांना नंबराचा बिल्ला देऊन त्यांचे मोबाईल पेटीत सांभाळायचा. एकदा पालिकेचे साहेब मोबाईलच्या ठावठिकाण्यावरून काढलेला गर्दीचा नकाशा घेऊन आले.

"शेकडो माणसं तासन्‌तास तुझ्या टपरीपाशी खोळंबतात. उद्याच टपरी हलव!"

गेनू मुळातच लाजरा. तरी त्याने नकाशा नीट न्याहाळला.

"साहेब, गाभाऱ्यात एकही ठिपका नाही. मग देऊळही हलवायचं का?"

"अरे, तिथे तर रोज रांग असते!"

"असते ना! माणसं रांगेत, मोबाईल माझ्या पेटीत. तुम्ही माझी पेटी मोजलीत, साहेब."

टपरीपुढच्या रांगेत हशा पिकला. साहेबांनी नकाशा गुंडाळला. "राहू दे टपरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनूने दर्शनाला आलेल्या साहेबांचाच मोबाईल पेटीत ठेवून त्यांच्या हाती पहिला बिल्ला दिला.